कौतुक पुरे, वेळापत्रक द्या

1981 च्या जूनमध्ये हाँगकाँगला महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा झाली. जपानच्या महिला संघाने आपले पहिलेवहिले आंतरराष्ट्रीय सामने खेळले ते याच स्पर्धेत, आणि गटातच गाशा गुंडाळला. भारत त्या स्पर्धेत तिसरा आला. त्याआधीच्या, कालिकतला झालेल्या स्पर्धेत आपण उपविजेते होतो. 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना खेळलो आणि यजमान थायलंडकडून 0-3 असा हरलो. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला अर्जुन.

आता तीस वर्षं पुढे या. जुलै 2011 मध्ये फ्रँकफर्टला अमेरिकेला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून जपान जगज्जेता झाला. त्याच्या दोन वर्षं आधी, 2009 मध्ये, फिफाने भारताच्या महिला संघाचं नाव जागतिक क्रमवारीतून काढून टाकलं होतं. संघ फार हरत होता म्हणून नाही. दीड वर्षात एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही म्हणून.

ऐंशीच्या दशकातल्या त्या यशाचा फार डांगोरा पिटू नये, हे मान्य. तेव्हा त्या स्पर्धांत चीन नव्हता, दोन्ही कोरिया नव्हते, स्पर्धाच आशियाई महासंघाच्या छत्राबाहेर भरत होती. पण सुरुवातीच्या रेषेवर आपण इतरांच्या मागे नव्हतो, एवढं तरी यातून नक्की कळतं. मग मधल्या काळात काय झालं? आपल्याकडे या प्रश्नाची ठरलेली उत्तरं आहेत. समाज मागासलेला, पोषण कमी, घरातून विरोध, सगळा पैसा क्रिकेटकडे. यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं आहे. पण माझ्या मते मुख्य कारण याहून कोरडं आणि कारकुनी आहे: सामनेच ठेवले गेले नाहीत. महिला फुटबॉल कुठल्याही देशात वर येतो तो वर्षाला किती सामने होतात यावर, आणि बुडतोही त्यावरच. बाकी सगळं त्यामागून येतं.

जपानने 1989 मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग सुरू केली. ती काही झगमगाटी नव्हती. बऱ्याचशा संघांमागे कंपन्या होत्या, मुली दिवसा नोकरी करायच्या आणि नंतर सरावाला जायच्या. फुकुशिमाचा अणुवीज प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीचाही संघ होता. 2011 च्या विश्वचषकात यजमान जर्मनीला बाहेर काढणारा गोल करणारी कारिना मारुयामा पूर्वी त्या कंपनीत नोकरी करत त्या संघातून खेळायची. पगार बेताचा, प्रेक्षक तुरळक, पण सामना मात्र चुकायचा नाही. आपल्याकडेही नोकरीची सोय काही ठिकाणी होती. रेल्वे होती, मणिपूर पोलीस होते. भारताच्या माजी कर्णधार बेमबेम देवी तिथूनच खेळल्या आणि 2020 मध्ये पद्मश्री झाल्या. नव्हती ती लीग. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांचा कारभार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या हाती घेतला आणि राष्ट्रीय लीग आली 2016-17 च्या हंगामात. मधली पंचवीसेक वर्षं वर्षाकाठी एक राष्ट्रीय स्पर्धा, अधूनमधून शिबिर आणि नशिबात असलाच तर एखादा परदेश दौरा, एवढ्यावर पिढ्या खेळून निवृत्त झाल्या.

महिला फुटबॉल कसा थांबवायचा, हे जगात सगळ्यात आधी इंग्लंडने दाखवून दिलं. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला 53,000 लोक आले होते. हजारो लोकांना जागेअभावी परत जावं लागलं. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ स्त्रियांना साजेसा नाही, तेव्हा संलग्न क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. ठरावाची चलाखी बघा. कुणा मुलीला पकडायचं नाही, दंड नाही, शिक्षा नाही. फक्त मैदान द्यायचं नाही. ही बंदी उठायला पन्नास वर्षं लागली. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत कायद्यानेच मनाई होती. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने 1955 ते 1970 हेच केलं. आजच्या अफगाणिस्तानात तर खेळाडूंना देशच सोडावा लागला आणि त्यांतल्या मुलींचा निर्वासित संघ 2025 मध्ये फिफाच्या मान्यतेने उभा राहिला.

भारतात असा ठराव कुणी केला नाही. गरजच पडली नाही. आपल्याकडे वेळापत्रकातून नाव गळतं, आणि कुणी मुद्दाम केलं असंही म्हणता येत नाही.

कोविडचा काळ आठवा. 2020-21 मध्ये पुरुषांची इंडियन सुपर लीग गोव्यात बंदिस्त वातावरणात, कडक चाचण्या करत, पूर्ण खेळवली गेली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर महिनोनमहिने सामने चालले. महिलांची लीग त्या हंगामात झालीच नाही. विषाणू दोघांना एकच होता, देशही एकच. पुरुषांसाठी वाट काढली गेली, महिलांसाठी हंगाम रद्द झाला, आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटल्याचंही दिसलं नाही.

दुसरं उदाहरण तर मला अजून पचत नाही. 3 मार्च 2023 ला बाद फेरीच्या सामन्यात बेंगळुरूच्या एका फ्री किकवरून वाद झाला आणि केरला ब्लास्टर्सचा पुरुष संघ मैदान सोडून निघून गेला. महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड ठोठावला. जूनमध्ये क्लबने जाहीर केलं की या आर्थिक फटक्यामुळे आपला महिला संघ तूर्त थांबवत आहोत. म्हणजे मैदान सोडलं पुरुषांनी, आणि घरी बसल्या मुली. क्लबाच्या हिशेबात महिला संघ कुठल्या रकान्यात असतो ते यातून लख्ख दिसतं. पाहुणे आले की काढायची आणि नड आली की पहिली मोडायची अशी ती चांदीची भांडी आहेत.

2024-25 च्या हंगामात सुपर लीगमध्ये तेरा क्लब होते. त्यांपैकी महिलांच्या सर्वोच्च लीगमध्ये ज्यांचे संघ खेळले ते दोनच, ईस्ट बंगाल आणि ओडिशा. त्या लीगमध्ये एकूण संघ आठ आणि प्रत्येकाचे सामने चौदा. वर्षाला चौदा! आणि ही सुधारलेली अवस्था आहे. 2023-24 च्या आधी तर घरच्या-बाहेरच्या मैदानावर खेळायची पद्धतही नव्हती. सगळे संघ एका जागी जमायचे, थोड्या आठवड्यांत स्पर्धा उरकायची आणि आपापल्या गावी परतायचं.

आणि तरीही 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये भारताने थायलंडला थायलंडमध्येच 2-1 ने हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ज्या देशाने 1983 ची अंतिम लढत जिंकली होती आणि जो मधल्या काळात दोन विश्वचषक खेळून आला, त्याला त्याच्या प्रेक्षकांसमोर हरवून आपण 2026 च्या आशियाई चषकात पोहोचलो. पात्रता फेरी खेळून पात्र ठरण्याची ही पहिली वेळ. त्यापाठोपाठ वीस वर्षांखालच्या आणि सतरा वर्षांखालच्या मुलींनीही आपापल्या आशियाई स्पर्धा गाठल्या. त्याच वर्षी पुरुष संघ सिंगापूरकडून फातोर्ड्याला, म्हणजे घरच्या मैदानावर, 1-2 ने हरला आणि त्याची 2027 च्या आशियाई चषकाची आशा संपली. तेव्हा क्रमवारीत महिला साठीच्या घरात होत्या, पुरुष शंभरीच्या कितीतरी खाली. आता कुणी म्हणेल, महिला फुटबॉल गंभीरपणे खेळणारे देश कमी आहेत, म्हणून तो क्रमांक वर दिसतो. बरोबर आहे. पण मग गुंतवणूक करणाऱ्याने याच गोष्टीकडे संधी म्हणून बघायला हवं. जिथे रांग छोटी आहे तिथे आधी उभं राहायचं, एवढं तर बाजारात बसणाऱ्या कुणालाही कळतं.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर तो नेहमीचा आक्षेपही घेऊ. महिलांचे सामने कोण बघतं? प्रेक्षक नाहीत, म्हणून प्रायोजक नाहीत, म्हणून पैसा नाही. हे ऐकायला अगदी व्यवहारी वाटतं. पण भारतातला पुरुषांचा फुटबॉल तरी तिकिटांवर चालतो का? सुपर लीग चालवणारी कंपनी महासंघाला वर्षाला पन्नास कोटी देत होती. तो करार संपत आला तसा 2025 च्या जुलैमध्ये लीगच स्थगित झाली आणि क्लब हवालदिल झाले. पुरुषांच्या खेळात वर्षानुवर्षं तोटा सोसला की त्याला गुंतवणूक म्हणायचं आणि महिलांच्या खेळात वर्षभर सोसला की उपकार, हा कुठला हिशेब? शिवाय प्रेक्षक आधी येऊन बसत नाहीत. बार्सिलोनाने महिला संघाला 2015 पासून व्यावसायिक दर्जा दिला, वर्षानुवर्षं खेळवलं, आणि 2022 च्या मार्चमध्ये काम्प नूवर रेआल माद्रिदविरुद्धचा सामना बघायला 91,553 लोक आले. पुढच्या महिन्यात त्याहून जास्त आले. कुठल्या शनिवारी, किती वाजता, कुठे सामना आहे हे लोकांना माहीत असावं लागतं. आपल्या महिला लीगचा पुढचा सामना कुठे आहे हे फुटबॉलवेड्या माणसालाही शोधावं लागतं.

याच बार्सिलोनाच्या खेळाडूंच्या जोरावर स्पेनने 2023 चा विश्वचषक जिंकला. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. महासंघाचे अध्यक्ष रुबियालेस यांनी बक्षीस समारंभात खेळाडू जेनी एर्मोसोचं बळजबरीने चुंबन घेतलं, आधी राजीनामा द्यायला नकार दिला, मग द्यावाच लागला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्यांना लैंगिक हल्ल्याबद्दल दोषी ठरवून 10,800 युरोंचा दंड केला. या प्रकरणाकडे बहुतेकांनी बघितलं ते एका माणसाच्या उर्मटपणाची गोष्ट म्हणून. मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्या खेळाडू एकजुटीने उभ्या राहू शकल्या. त्यातल्या काहींनी तर वर्षभर आधीच, सप्टेंबर 2022 मध्ये, पंधरा जणींनी मिळून महासंघाला पत्रं पाठवली होती की परिस्थिती बदलल्याशिवाय आम्हाला राष्ट्रीय संघात बोलावू नका. असं म्हणण्याची ऐपत त्यांच्यात आली कुठून? क्लबमधून. महिन्याचा पगार क्लब देतो, सामना दर आठवड्याला आहे, नाव लोकांना माहीत आहे. राष्ट्रीय महासंघ रुसला तरी चूल बंद पडत नाही. अमेरिकेच्या खेळाडूंनी समान वेतनाचा दावा लावून 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली, त्यामागेही हीच ताकद होती. अर्थात लीग असली की सगळं आलबेल, असंही नाही. त्याच अमेरिकेत त्याच वर्षीच्या चौकशी अहवालाने व्यावसायिक महिला लीगमधल्या प्रशिक्षकांचे अत्याचार किती मुरलेले होते ते उघड केलं. पण ते उघड झालं, कारण बोलणाऱ्या मुली खेळात टिकून होत्या.

आता आपल्याकडे बघा. 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ विश्वचषकाच्या तयारीसाठी युरोपात असताना गैरवर्तनाच्या तक्रारीवरून सहाय्यक प्रशिक्षकाला काढून टाकावं लागलं. मार्च 2024 मध्ये दुसऱ्या श्रेणीची महिला लीग गोव्यात चालू असताना हिमाचलच्या एका क्लबमधल्या दोन खेळाडूंनी मारहाणीची तक्रार केली, ती महासंघाच्या कार्यकारिणीवरच्या सदस्याविरुद्ध. तो निलंबित झाला, अटकही झाली. ज्यांनी तक्रार केली त्यांचं धाडस मोठं, पण धाडसावर विसंबून राहायची वेळ मुळात का यावी? ज्या मुलीचं सगळं करिअर एका शिबिराच्या यादीवर, एका निवडकर्त्याच्या मर्जीवर, वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांवर टांगलेलं असतं, ती तोंड उघडण्याआधी शंभरदा विचार करणारच. समिती नेमा, हेल्पलाइन काढा, सगळं करा. पण तिला जायला दुसरा क्लब आणि खेळायला दुसरा सामना नसेल, तर त्या हेल्पलाइनवर फोन कोण करणार?

महाराष्ट्राचं काय? 2022 या एका वर्षात महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या दारात झाल्या. जानेवारी-फेब्रुवारीत आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या बालेवाडीत. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि दुसऱ्या सामन्याच्या दिवशी संघात इतक्या जणी कोविडबाधित निघाल्या की उतरवायला अकरा खेळाडूही धड उरल्या नाहीत. भारत स्पर्धेतूनच बाद. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. आपल्या मुली अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5 हरल्या. त्या आकड्यांवर समाजमाध्यमांत जे विनोद झाले ते मी विसरलेलो नाही. शिबिरात महिनोनमहिने घाम गाळलेल्या पोरी होत्या त्या. पण शिबिरात आपलाच बचाव आपल्याच आघाडीविरुद्ध खेळतो. 0-1 ने पिछाडीवर असताना शेवटची वीस मिनिटं कशी काढायची हे सामन्यातच कळतं, आणि सामने त्यांच्या वाट्याला किती आले होते?

दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने डी. वाय. पाटील स्टेडियमवर रंगले. चीन जिंकला, स्पेन जिंकला, झेंडे उतरले. पुढे 2023-24 आणि 2024-25 या दोन हंगामांत महिलांच्या सर्वोच्च लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. राष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. तो करंडक मणिपूर वर्षानुवर्षं उचलून नेतं. महाराष्ट्राला ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकता आलेली नाही.

यावर 'आपल्याकडे फुटबॉलची संस्कृतीच नाही' असं म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जाऊन यावं. पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम, की शाहू स्टेडियमकडे अख्ख्या पेठा लोटतात. पंचाच्या निर्णयावरून रात्रभर कट्ट्यांवर वाद घालणारं, पोरगं चालायला लागायच्या आधी त्याला तालमीच्या रंगाचा शर्ट घालणारं असं गाव महाराष्ट्रात दुसरं नाही. इथे प्रेक्षक 'निर्माण' करायचे नाहीत, आहेतच. प्रेक्षकांत बायकाही असतात. मुलींचे संघ इथे झाले आहेत, एफसी कोल्हापूर सिटी हा संघ तर काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला. पण ज्या तालमींच्या नावावर पेठा जीव टाकतात, त्यांच्या रंगात मुलींचा संघ उतरला आणि त्याच गर्दीसमोर, पुरुषांच्या सामन्याआधी खेळला, हे नेहमीचं झालेलं नाही. एकदा होऊ द्या. पाटाकडीलच्या मुली दिलबहारच्या मुलींकडून हरल्या तर मंगळवार पेठेला तेवढीच झोंबेल, याविषयी माझी पैज. लाल मातीचं तर उदाहरण समोर आहे. ज्या कुस्तीत मुलींना आखाड्यात पाऊल टाकायची सोय नव्हती, तिथे 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली.

कोल्हापूर सोडलं तर इतर शहरांत प्रश्न जागेचा आहे. आमच्या भागात उड्डाणपुलाच्या बाजूला टर्फ आहे. पाटीवर फुटबॉल, आत संध्याकाळभर बॉक्स क्रिकेट. सहा ते अकराचे स्लॉट ऑफिसातून सुटलेल्या पुरुषांनी महिनामहिना आधी धरलेले. मुलींची बॅच शनिवार-रविवार सकाळी, तीही आठला उठवतात कारण पुढचं बुकिंग असतं. टर्फवाल्याचा दोष नाही, तो धंदा करतोय. पण महापालिकेच्या जागेवर टर्फ उभं राहत असेल तर भाडेकरारात आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलींसाठी राखीव ठेवा, असं एक कलम घालायला कुणाची हरकत आहे?

आणि शाळा. आपल्या जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. वर्षभर सराव केलेला मुलींचा संघ पहिल्याच सामन्यात हरला की त्याचं त्या वर्षीचं फुटबॉल संपलं. एक सामना, तोही पेनल्टीवर गेला असेल तर तासाभरात खेळ खलास. जिंकत राहिलेल्या संघातल्या मुलींना दहावीला क्रीडा गुण मिळतात आणि त्यातल्या कित्येकींचे बूट दहावीनंतर माळ्यावर जातात, कारण पुढे खेळायला काही नसतंच. 0-8 ची मुळं शोधायला भुवनेश्वरच्या स्टेडियमवर जायची गरज नाही, ती तालुक्याच्या या एका सामन्यात आहेत.

दक्षिण अमेरिकेच्या महासंघाने 2019 पासून नियम केला की ज्या क्लबला त्यांची सर्वात मोठी पुरुष स्पर्धा खेळायची आहे, त्याने महिला संघ ठेवलाच पाहिजे. क्लबांनी आधी कुरकुर केली, नंतर संघ काढले. काहींनी नाइलाजाने काढले, पण काढले. आपल्या महासंघाला परवाना देताना हीच अट घालता येईल, आणि लीगची सगळी घडीच नव्याने बसवायची वेळ आलेली असताना ती आता घालता येईल. मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्यासारख्या क्लबांना पुरुष संघाच्या खर्चापुढे महिला संघाचा खर्च जड नाही. राज्याच्या क्रीडा खात्याला तर त्याहून सोपं काम आहे. येत्या हंगामात जिल्ह्यातल्या मुलींच्या शालेय फुटबॉलमध्ये बाद फेरीआधी चार-चार संघांचे गट पाडावेत, म्हणजे प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतील. वाढीव खर्च पंचांच्या मानधनाचा आणि मैदानाच्या दोन जादा दिवसांचा. त्यासाठी नवं धोरण लागत नाही, समितीही लागत नाही, क्रीडा अधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकात होण्यासारखं आहे.